ऐंशी रकान्यांतला ऊस

आमच्या साखर कारखान्यात पहिला संगणक आला, तेव्हा त्याच्यावर आयबीएमचं नाव कुठेच नव्हतं. खोक्यावर एका देशी कंपनीची पाटी, पडदा दुसऱ्याचा, प्रिंटर तिसऱ्याचा. तरी संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला ‘एक्सटी’ म्हणायचे, आणि एक्सटी हे आयबीएमच्या १९८३ सालच्या मॉडेलचं नाव. ज्या कंपनीनं परकी भांडवलावरची बंधनं न मानता १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला, तिच्याच यंत्राची नक्कल दहाएक वर्षांत सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या फडाजवळ येऊन बसली, तीही तिला कुणी न विचारता. मधल्या काळात, १९८४ च्या नोव्हेंबरात, केंद्र सरकारनं संगणकाचं नवं धोरण आणलं होतं. आयात सैल झाली आणि बाहेरून आणलेले बोर्ड जुळवून एक्सटी विकणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. आमचा विक्रेता त्यांतलाच एक.

मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून, पुण्यात डीबेसचा एक कोर्स उरकून नोकरीला लागलो होतो. कारखान्यात ‘ईडीपी’ नावाचा नवा विभाग निघाला, तो माझ्यासकट दोघांचा. टाइम ऑफिसच्या शेजारची खोली मिळाली. तिला एसी, काचेचं दार, दाराबाहेर चपला काढण्याची सूचना. दसऱ्याला कीबोर्डवर हळदकुंकू पडू नये म्हणून आम्ही झेंडूचा हार नेमका पडद्यावर चढवायचो. खरेदीच्या वेळी किंमत ऐकून एका संचालकांनी बैठकीत विचारलं होतं म्हणे, “एवढ्यात ट्रॅक्टर येतोय. ह्यो काय नांगरणार?”

त्या यंत्राच्या जन्माची हकिकत मला पुष्कळ उशिरा, जुनी तांत्रिक पुस्तकं चाळताना कळली. कळल्यावर आमच्या कितीतरी जुन्या डोकेदुखींचा पत्ता लागला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन या गावी आयबीएमचं एक दूरचं ठाणं होतं. तिथल्या छोट्या गटाला एक्सटीचा पूर्वज, म्हणजे आयबीएमचा पहिला पीसी, बनवायला साधारण वर्षभराची मुदत मिळाली होती. ॲपल आणि टँडी या कंपन्यांनी घराघरांत आणि छोट्या दुकानांत संगणक विकायला सुरुवात केली होती, आणि आयबीएमची रीत तर साधं यंत्रही वर्षानुवर्षं घोटवण्याची. गटाचा प्रमुख डॉन एस्ट्रिज यानं घरचं फारसं काही बनवायच्या भानगडीत न पडता बहुतेक सगळं बाजारातून उचललं. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, प्रिंटर एप्सनचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून. मायक्रोसॉफ्टनं ती सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतलेली. फ्लॉपी ड्राइव्ह कॅलिफोर्नियातल्या टंडन कंपनीचे. ही कंपनी जुगी टंडन या आपल्याकडून तिकडे गेलेल्या इंजिनिअरची, आणि तिचं काम मुंबईत सीप्झमध्येही चालायचं. म्हणजे आमच्या खोलीत ते यंत्र वाटतं तितकं परकं नव्हतं.

१२ ऑगस्ट १९८१ ला ते जाहीर झालं. सर्वांत स्वस्त नमुना १,५६५ डॉलरचा. त्यात फक्त १६ के मेमरी, फ्लॉपी नाही, पडदा नाही; घरचा टीव्ही जोडा आणि कार्यक्रम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवा. मागच्या बाजूला कॅसेटसाठी खास सॉकेट होतं. विक्री ‘सीअर्स’च्या दुकानांतूनही, म्हणजे वॉशिंग मशीन आणि कपडे जिथे मिळायचे त्याच कंपनीकडून. जाहिरातीत चार्ली चॅप्लिनचा भटक्या. एकच खोकं घरालाही खपवायचं आणि कचेरीलाही, असा बेत होता.

घराचा हा विचार यंत्राच्या पार हृदयात शिरला होता. एक्सटीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. हा असा अर्धवट आकडा का, हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. उत्तर टीव्हीत आहे. अमेरिकी टीव्हीच्या रंगाला ३.५८ मेगाहर्ट्झचा ठोका लागतो. १४.३१८ चा एकच स्फटिक बसवायचा. त्याला चारनं भागलं की टीव्हीचा ठोका मिळतो, तीननं भागलं की प्रोसेसरचा. दुसऱ्या स्फटिकाचा खर्च वाचला. आमच्या पंचक्रोशीत ऊसबिलाचा हिशेब ज्या गतीनं व्हायचा, ती गती अशी अमेरिकेतल्या दिवाणखान्यातल्या रंगीत टीव्हीवरून ठरलेली होती. इथे ते यंत्र कुणाच्या दिवाणखान्यात गेलं नाही. ज्याच्या घरात जाऊ शकलं असतं, त्यानं ट्रॅक्टरच घेतला.

आता कामाचं सांगतो. ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. म्हणून बिलं पंधरवड्याची. आमचा कारखाना रोज अडीच हजार टन गाळणारा. निम्मा ऊस बैलगाड्यांनी, बाकी ट्रक-ट्रॅक्टरनं. काट्यावर रोज सहा-सातशे पावत्या फाटायच्या, पंधरवड्याला दहा हजार. त्या शेतकरीवार लावायच्या, टनेज काढायचं, दर लावायचा, मग वसुली कापायची: सोसायटीचं कर्ज, लिफ्टची पाणीपट्टी, खत, बेणं, भागाची रक्कम, परतीची ठेव, बिगरपरतीची ठेव, मुख्यमंत्री निधी. शेतकी आणि अकाउंट्सचे कारकून पंधरवड्याच्या शेवटी कंदील लावल्यागत रात्री जागवायचे.

एका पावतीची नोंद मी ६४ अक्षरांत बसवली होती. गाव, सभासद, गटनंबर, उसाची जात, आडसाली की सुरू की खोडवा, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, तारीख. ६४ गुणिले दहा हजार म्हणजे सहा लाख चाळीस हजार. फ्लॉपीवर मावायचे तीन लाख बासष्ट हजार. त्यामुळे एका पंधरवड्याची प्रत दोन फ्लॉप्यांवर जायची, आणि दोनांतली एक कधीतरी वाचायला नकार देईल या धास्तीनं आम्ही जोड्या दोन करायचो. बिल काढायला एवढी नोंद कशाला, असं एम.डी. साहेब म्हणायचे. पण काटा मारल्याची तक्रार आली की रिकामं वजनच शेतकऱ्याच्या बाजूनं साक्ष देतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

या नोंदी ज्या कार्यक्रमात ठेवायचो, तो डीबेस ही मूळची वेन रॅटलिफ या अमेरिकी इंजिनिअरची करामत. तो अवकाशयानांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत होता आणि फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावण्यासाठी त्यानं आकडेवारीचा कार्यक्रम लिहायला घेतला होता. त्याच कार्यक्रमाचा पुढचा अवतार आमच्याकडे सोसायटीची वसुली कापत होता. रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा. पडद्यावर आडवी ऐंशी अक्षरं, उभ्या पंचवीस ओळी. ही ऐंशी संख्या आयबीएमच्याच १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डापासून चालत आलेली. ऐंशी अक्षरांत सभासदाचं नाव, टनेज, रक्कम आणि सगळ्या वसुल्या बसेनात. शेवटी वसुल्यांची गटवारी करावी लागली. कुठली कशात घालायची यावर शेतकी अधिकारी आणि चीफ अकाउंटंट यांच्यात जो वाद झाला, तो मिटवायला कार्यकारी समितीची बैठक लावली होती. वाद दरांवर असता तर मी समजू शकलो असतो. हा वाद पडद्याच्या रुंदीवर होता.

पण खरी कसोटी समासाची होती. शेतकी खात्यात आबा म्हणून एक हेडक्लार्क होते. निवृत्तीला आलेले, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांच्या लेजरचे रकाने सगळ्यांसारखेच होते, पण समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरं असायची. ‘मळ्यातला, गावातला नव्हे.’ ‘वाटण्या झाल्या, धाकट्याचं वेगळं.’ ‘मुलीचं लग्न, सोसायटी पुढच्या बिलाला.’ ‘मयत, बायको सही करते.’ मी सभासदांची यादी उतरवायला बसलो तेव्हा एका गावात एकाच नावाचे, एकाच बापाचं नाव लावणारे तिघे निघाले. आबांनी न बघता तिघं वेगळे करून दिले. मी म्हटलं, “आबा, यांना नंबर द्यायला हवेत, नुसतं नाव चालणार नाही.” ते म्हणाले, “दे की. पर नंबर बघून त्याचा मळा कुठला, हे तुझा डबा सांगंल व्हय?”

डबा सांगत नव्हता. त्यासाठी जागाच नव्हती. समासातली प्रत्येक ओळ कुठल्यातरी रकान्यात बसवायची किंवा सोडून द्यायची, एवढेच दोन मार्ग होते. पुढचे कित्येक आठवडे आम्ही दोघं समास वाचत बसलो. वाटण्यांसाठी पोटनंबर आले. मयत सभासदासाठी वारस-नोंद झाली की नाही याचा रकाना आला, आणि तेव्हा कळलं की किती बिलं वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांच्या नावानं निघताहेत. हे सगळ्यांना माहीत होतं, पण यादी कुणी केली नव्हती.

सगळ्यांत अवघड गेलं ते ‘पुढच्या बिलाला’. वसुली लांबवण्याचे फोन यायचे. काही खरे अडचणीचे, काही चेअरमन साहेबांच्या जवळच्यांचे. लेजरमध्ये आबा पेन्सिलीनं टिपायचे आणि पुढच्या पंधरवड्याला खोडून टाकायचे. मी एका अक्षराचा रकाना केला: थांबवा, होय किंवा नाही. अकाउंटंट साहेबांनी म्हटलं, कुणी सांगितलं तेही लिहा, नाहीतर ऑडिटला उत्तर कोण देणार? म्हणून आणखी एक रकाना आला. पहिल्या पंधरवड्याला तो भरून छापला, यादी वर गेली आणि पुढच्या पंधरवड्यापासून फोन निम्म्यावर आले. संगणकामुळे पारदर्शकता येते वगैरे भाषणं मी नंतर पुष्कळ ऐकली. माझा अनुभव एवढाच की ‘कुणी सांगितलं’ हा रकाना संगणकानं सुचवला नव्हता. तो एका घाबरट, सरळ अकाउंटंटनं सुचवला. आणि फोन कमी झाले तेव्हा ज्याच्या मुलीचं लग्न खरंच होतं, त्याचाही फोन आला नाही. आबा हे बोलून दाखवत. मला त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही.

यंत्राची निगा हे वेगळंच प्रकरण. हंगामात कारखान्याची वीज स्वतःच्या टर्बाईनची, बगॅसवरची. मिल चोकअप झाली की लोड एकदम उतरायचा आणि व्होल्टेज उसळायचं. सीव्हीटी, म्हणजे व्होल्टेज स्थिर राखणारा ट्रान्सफॉर्मर, भुंग्यासारखा घुमत ते पोटात घ्यायचा. अर्थिंगसाठी खिडकीबाहेर कोळसा-मीठ भरलेला खड्डा होता. उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. शिपाईमामा हे काम मनापासून करायचे, कारण कॉम्प्युटरला तहान लागते अशी त्यांची समजूत होती आणि ती आम्ही काढली नाही. संध्याकाळी बंद करताना ‘पार्क’ ही आज्ञा देऊन हार्ड डिस्कचं डोकं सुरक्षित जागी न्यायचं. दहा हजार नोंदींना इंडेक्स लावायला घातला की सरळ चहाला जायचं. रात्री तीन प्रतींच्या कार्बनच्या कागदावर बिलं छापली जायची आणि त्या कर्कश आवाजात पलीकडच्या टाइम ऑफिसचा माणूस शांत झोपायचा. रिबन विटली की स्टॅम्पपॅडची शाई चोळून आणखी एक पंधरवडा ओढायचा. एकदा कुणाच्यातरी फ्लॉपीतून ‘ब्रेन’ व्हायरस आला. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला. आत त्यांचं नाव आणि पत्ताही होता. व्हायरस पत्त्यासकट येतो, याची आम्हाला मोठी गंमत वाटली होती.

बिघाड झाला की मात्र त्या घाईच्या जन्माचा फायदा कळायचा. आयबीएमनं पहिल्या पीसीबरोबर सर्किटचे नकाशे आणि बायोसचा, म्हणजे यंत्र चालू करणाऱ्या मूळ कार्यक्रमाचा, मजकूरसुद्धा तांत्रिक पुस्तकात छापला होता. लोकांनी जोडकार्डं बनवावीत, हा हेतू. कॉम्पॅकनं बायोस नव्यानं लिहून १९८२ मध्येच जुळणारं यंत्र जाहीर केलं आणि मग धरणच फुटलं. त्याचा शेवटचा ओहोळ आमच्यापर्यंत. विक्रेत्याचा इंजिनिअर कधी येईल याचा नेम नसायचा. पण पॉवर सप्लाय जळला तर मुंबईला जाणाऱ्या साखरेच्या ट्रकबरोबर चिठ्ठी द्यायची. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही कंपनीचा घेतला तरी स्क्रूची भोकंसुद्धा जुळायची. मिलचा एखादा बेअरिंग ब्लॉक आणायला याहून जास्त खटपट पडायची. आयबीएमला पुढे या मोकळेपणाचा पश्चात्ताप झाला. १९८७ मध्ये तिनं पीएस-टू मालिका काढून नवी, परवान्याची रचना आणली, तोवर गिऱ्हाईक नकलांकडे गेलं होतं. एस्ट्रिज हे पाहायला नव्हता. ऑगस्ट १९८५ मध्ये डॅलसच्या विमान अपघातात तो आणि त्याची पत्नी दोघंही गेले होते.

बिलं वेळेवर निघायला लागली, पण ती इंग्रजी लिपीत. शेतकरी बिल हातात घेऊन आकडे वाचायचा आणि नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. शिवाय ज्ञानू हे नाव एका ऑपरेटरनं ‘डी’नं सुरू केलेलं, दुसऱ्यानं ‘जी’नं; यादी लावली की एकच माणूस दोन ठिकाणी. आमच्या पडद्याला हर्क्युलिस जातीचं कार्ड होतं. ते मूळ बनवणारा व्हॅन सुवन्नुकुल हा थायलंडचा. आपला प्रबंध थाई लिपीत नीट उमटावा म्हणून त्यानं ते १९८२ मध्ये घडवलं. आपल्या लिपीसाठी असाच खटाटोप आयआयटी कानपूरला चालला होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघाली, त्या खटाटोपातले मोहन तांबे तिथे आले आणि ‘जिस्ट’ कार्ड बाजारात आलं. आम्ही ते घेतलं. एक्सटीच्या रिकाम्या खाचेत बसवलं, कीबोर्डची एक कळ दाबली आणि त्याच डीबेसमध्ये, कार्यक्रमाची एक ओळही न बदलता, देवनागरी उमटायला लागलं.

मला धास्ती होती ती नावाच्या रकान्याची. तीस अक्षरांत देवनागरी मावेल का? ‘इस्की’ या संकेतपद्धतीत प्रत्येक व्यंजन, काना, मात्रा, हलन्त वेगळं मोजलं जातं. ज्ञानदेव लिहून मोजलं: ज, हलन्त, ञ, काना, न, द, मात्रा, व. आठ. इंग्रजीतही आठच होती. याद्या आपोआप वर्णमालेच्या क्रमानं लागायला लागल्या, कारण संकेतांक तसेच ठरवले होते. पाच-सहा हजार नावं पुन्हा भरावी लागली. तोवर आबा निवृत्त झाले होते, पण घरी बसून त्यांनी सगळी यादी तपासून दिली, लाल पेन्सिलीनं. पहिलं मराठी बिल त्यांच्या भावाचं काढलं होतं. त्यांनी ते घडी घालून खिशात टाकलं आणि सोसायटीची रक्कम दोनदा कापली नाही ना, एवढंच विचारलं.

पुढे नव्या यंत्रांनी जुन्याला काट्यावर हलवलं, मग तिथूनही काढलं. नोव्हेलचं नेटवर्क आलं, फॉक्सप्रो आलं, विंडोज आलं. त्या सगळ्यांबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही. प्रत्येक वेळी फायली जशाच्या तशा पुढे गेल्या. सभासदाचा नंबर मी सहा आकडी ठरवला होता: पहिले दोन गावाचे, पुढचे चार सभासदाचे. तेव्हा कार्यक्षेत्रात सत्तरच्या आसपास गावं होती आणि रुंदी वाचवायची होती. नंतर गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, वाढलं, नव्या गावांची नव्व्याण्णवच्या पुढे गर्दी झाली, तेव्हा कुणीतरी शंभराव्या गावाला ‘ए०’ दिलं, त्यापुढच्याला ‘ए१’.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास नव्या कंपनीची प्रोग्रामर, इचलकरंजीची मुलगी, डेटा हलवायला आली होती. तिनं विचारलं, “सर, गावाच्या कोडमध्ये हे ए कशासाठी?” मी तिला ऐंशी रकान्यांपासून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आता सगळे नंबर नव्यानं देऊ. मी तिला ऊसनोंदीच्या खिडकीवर नेऊन उभी केली. लोक नाव सांगतच नव्हते, थेट सहा आकडे बोलत होते. एका म्हाताऱ्यानं स्वतःचा, भावाचा आणि वारलेल्या चुलत्याचा नंबर एका दमात सांगितला. तिनं दुपारी रकाना दहा अंकी केला आणि जुन्या नंबरांच्या आधी चार शून्यं लावली. ती शून्यं खिडकीवर अजून कुणी सांगत नाही.